पिवळा दिवा

शेवंताबाईने पदर खोचला, तशी सुनेने घाबरून ओढ्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. पावसाचा नेम सुटला, पाण्यावरून डोकी फुटली, तेव्हापासून तिथलं यंत्र दोन्ही काठांच्या आवाजातला राग मोजत होतं. लाल दिवा लागला की दोन्ही गावांचं पाणी बंद. म्हणून सगळे तोंडात साखर धरून बोलत. दिवा मात्र वर्षानुवर्षं पिवळाच आणि पाणी अर्धंच.

पूर्वी श्रावणात बायका इथेच समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना पोटभर शिव्या देत आणि मग ओटी भरत. आज पलीकडे जुनी जोडीदारीण ठकुबाई दिसली आणि शेवंताबाईला राहवेना.

“ए ठके, सटवे! दात गेले तरी ऐट नाही गेली होय गं?”

“आत्या, गप बसा! पाणी जाईल!”

पलीकडून खणखणीत उत्तर आलं, “तुझ्या तेराव्याला जेवल्याशिवाय मी कुठली जातेय, शेवंते!”

दोघी म्हाताऱ्या डोळे पुसत हसल्या. सुनेने भीत भीत वर पाहिलं. दिवा हिरवा झाला होता आणि पाट भरून वाहत होता.

तिने हळूच पदर खोचला. “आत्या, मलाही एखादी शिकवा की.”