बोटीत माणसं किती?

आमच्या ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर बोट सुटताना रेडिओवर माणसं मोजून सांगतात. आमच्या खोपटातल्या रेडिओला वीज देतं ओढ्यातलं एक लहानसं चक्र.

आज ते चक्र काढून मी मांडीवर घेतलं होतं आणि शेवाळ खरवडत होतो. माझ्यासोबत बोटीनं आलेले इनूतेकआजोबा उन्हात सुका मासा चघळत टर उडवत होते, "स्वतःची पाठ तरी कधी एवढी घासलीस का रे?"

तेवढ्यात खोपटातला बंद रेडिओ खरखरला. आवाज माझाच होता. "घरी निघालोय. बोटीत माणूस एक."

आजोबा खदखदून हसले. "मला इथंच टाकून पळणार होय रे, लबाडा?"

"तुम्ही खाता किती! बोट बुडेल ना," म्हणत मीही हसलो.

रेडिओतला माझा आवाज मात्र हमसून हमसून रडत होता.