परत आलेला डबा

माझी बायको वारली तेव्हा पोरगा आफ्रिकेत बोअर पाडायच्या गाडीवर होता. तीन महिन्यांनी सेनगावला आला आणि ओट्यावर बसून शेजाऱ्यांना तिकडच्या मटणाच्या चवी सांगू लागला. “झेब्रा गोडसर लागतो, मगर माशावाणी, हरीण बराबर आपल्या बोकडावाणी.” “लेका, जंगल राखलं का न्हाई?” शेजारचे उद्धवराव हसले. मी आत चुलीपाशी होतो. ती गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच मटण शिजत होतं, पण येसर नव्हता. तिने कुटलेला शेवटचा मसाला सगळाच पोराला निघताना डब्यात भरून दिला होता. “डब्यात येसर उरला का रे?” मी विचारलं. “चार चमचे होता, बाबा. टाकून दिला. रिकामं भांडं परत देऊ नये, आईच म्हणायची ना? म्हणून डबा घासला अन् हरणाचं सुकं मटण भरलं.” त्यानं डबा हातात दिला. मी झाकण काढून हुंगलं. आत नुसतं हरीण होतं.