फणीचे दात

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पासली गावचे गेनूआजोबा नजर तपासायला भोरच्या दवाखान्यात आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून डोळे तपासणाऱ्या शुभ्राने भिंतीवर अक्षरांऐवजी फण्यांचा तक्ता लावला.

"आजोबा, या फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत?"

"उगवतीला."

"आणि हिचे?"

"मावळतीला."

"ही खालची, बारकी?"

"आभाळाकडं."

शुभ्राचं पेन थांबलं. यांना दात दिसतायत की हे अंदाजाने सांगतायत? ऑपरेशन फसलं की काय? "आजोबा, उजवीकडे की डावीकडे, एवढंच सांगा ना. मला लिहायचंय."

"उजवं-डावं मानूस फिरला की फिरतं, ताई. उगवती जागची हालत न्हाई."

"बरं, मग उगवती कुठंय?"

"त्या पडद्यामागं."

सहा वर्षं याच खोलीत लोकांची नजर तपासणाऱ्या शुभ्राने पहिल्यांदाच उठून तो पडदा बाजूला केला. सकाळचं कोवळं ऊन सरळ तिच्या टेबलावर आलं. तिने तक्त्याकडे पाहिलं. आजोबांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

आजोबा खुर्चीतून तिच्याकडे बघत हसले. "आता दिसली का, ताई?"