बरगडीखालची कळ

निवड चाचणीच्या तिसऱ्या फेरीला तोरस्करबाईंच्या उजव्या बरगडीखाली कळ आली आणि त्या मैदानाच्या कडेलाच वाकल्या. धावत होती चौदा वर्षांची मैथिली. पण यंदापासून नियमच होता: खेळाडूच्या पोटावरच्या पट्टीला जे दुखणं कळेल, ते प्रशिक्षकाच्या पट्टीतून प्रशिक्षकालाही जाणवायचं.

"मैथिले, हळू हो! दुखतंय तिथे दाबून धर, पुढे वाक आणि श्वास सावकाश सोड," बाई कशाबशा म्हणाल्या. "सकाळी खाल्लंस तरी काय?"

"चाचणी म्हणून दही-साखर. आईची, आजीची आणि दोन्ही काकूंची. प्रत्येकीची वाटी वेगळी."

"अगं, चमचाभर खातात ती!"

"कोणाला नाही म्हणू? बाई, मला बाद करणार?"

बाईंनीही आपली बरगडी दाबून धरली. हळूहळू दोघींची कळ एकाच वेळी ओसरली.

"दोन फेऱ्या राहिल्यात. पळ."

मैथिली पळाली. बाईंचा हात मात्र बरगडीवरच राहिला. सहा वर्षांपूर्वी याच वळणावर उज्ज्वला पोट धरून बसली होती, आणि 'नाटकं पुरेत' म्हणत बाईंनी यादीतून तिचं नाव खोडलं होतं.

त्यांनी फोन लावला.

"उज्ज्वला, तोरस्करबाई बोलतेय. तुझं त्या दिवशी खरंच दुखत होतं गं."