कुणी मेलंच नाही

ईस्टरच्या सुट्टीत अख्खा नॉर्वे तोरुनच्या खूनकथा वाचायचा. तिला मात्र खुनांचा वीट आला होता. यंदा प्रकाशकाशी भांडून तिनं आईवर पुस्तक लिहिलं. त्यात आईची मासळीच्या कारखान्यातली नोकरी होती, बाबांची बोट होती, सुखाचा संसार होता. वाचक वैतागले: "प्रेत कुठाय?" निदान आईला आवडेल म्हणून पुस्तक घेऊन ती डोंगरातल्या घरी गेली. आईनं शेवटचं पान संपवलं आणि संत्रं सोलायला घेतलं. "शेवटपर्यंत वाट बघितली गं. कुणी मेलंच नाही!" "आता तूही तेच म्हण!" तोरुन तडकली. "अगं, हा तुझा संसार आहे. यात कोण कुणाचा मुडदा पाडणार?" आईनं एक फोड तिच्या हातावर ठेवली. "तुझा बाप पिऊन हात उचलायचा, तेव्हा तू झोपलेली असायचीस. मी लिहिलं असतं, तर पहिल्याच पानावर मारला असता."