शेवटचे दोन तुकडे

"बाबा, नको म्हणायलासुद्धा कुणी मला मेल करत नाही हो!" जेवता जेवता मिसुझूला रडूच फुटलं. मुलाखती चांगल्या झाल्या होत्या, मैत्रिणींच्या नोकऱ्याही ठरल्या होत्या. हिचा फोन मात्र महिनाभर गप्प होता.

"येईल गं," शिगेहारू तिच्या ताटलीत मासा वाढत म्हणाले. "ती वजन घटवणारी कंपनी मेल पाठवून पाठवून तुला छळत होती, तिला तुझ्या फोनवरून हाकललंच ना मी? आता तिच्या मेल दारातूनच परत जातात."

"कसं हाकललंत?"

"सोपंय. ऑफिसात शिकवलंय आम्हाला. अमुक डॉट कॉम, तमुक डॉट कॉम. मेलच्या पत्त्याचे शेवटचे दोन तुकडे म्हणजे कंपनी, तेवढेच अडवायचे. हिचे होते 'सीओ डॉट जेपी'. टाकले अडवून!"

मिसुझूच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. ती उठली आणि आपली बॅग घेऊन आली.



मुलाखतींत मिळालेली कार्डं तिनं एकेक करून बाबांच्या ताटलीभोवती मांडली. प्रत्येक कंपनीचा पत्ता 'सीओ डॉट जेपी'नंच संपत होता.