चार विटा

मुलानं, प्रफुलनं, पुण्याहून गीझर पाठवला आणि आलापल्लीत एकटे राहणाऱ्या इस्तारीभाऊंची पहाटे फुंकणी फुंकून डोळे चोळायची कटकट संपली. अंगणातला तांब्याचा बंब माळ्यावर गेला.

पण थंडी ऐन भरात असताना त्यांनी तौसीफ मिस्त्रीला गीझर काढायला बोलावलं. तौसीफनं बटन दाबलं, थोड्या वेळानं नळाखाली हात धरला आणि चटका बसताच मागे घेतला.

"भाऊ, गीझर तं एकदम बराबर हाये. काऊन काढून राह्यले?"

इस्तारीभाऊ अंगणाकडे बघत राहिले. बंबाच्या जागी काळा डाग उरला होता आणि त्याभोवती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बसायच्या चार विटा, रिकाम्या.



"याच्यापाशी शेकाले कोणी येत नाई गा."